‘लक्षच नसतं त्याचं’ म्हणजे नेमकं काय नसतं?

पत्राचा सारांश: मुलगा तिसरीत, सेमी इंग्रजी शाळेत आहे. डिसेंबरअखेरीस आठ पूर्ण होतील. पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरची वयाची अट होती, तीत तो जेमतेम बसला. पालकसभेत बाईंनी सांगितलं, की फळ्यावरचं अर्धवट उतरवतो, सांगितलेलं विसरतो, ‘बावन्न’ म्हटलं की २५ लिहितो. घरी अर्ध्या तासाच्या गृहपाठाला दोन तास लागतात. पण मोबाइलवरच्या खेळात तासभर मान वर करत नाही. वडिलांचं म्हणणं, ‘लक्ष आहे, द्यायचं नाही एवढंच. सगळं कळतं, पण वळत नाही.’ त्यांनी अबॅकसच्या (मण्यांच्या पाटीवर आकडेमोड शिकवणाऱ्या) आणि ‘एकाग्रता वाढवणाऱ्या’ क्लासची चौकशी केली आहे. आजींचा भर बदामांवर आणि धाकावर. आईने इंटरनेटवर एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकाराबद्दल, वाचलं, तेव्हापासून तिला झोप नाही. तिचे प्रश्न तीन: क्लास लावावा का, मोबाइल बंद करावा का, डॉक्टरांकडे जावं का?

नमस्कार,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी घरातल्या सगळ्यांनी न बोलता मान्य केलेली एक गोष्ट तपासू या. लक्ष ही एकच वस्तू आहे, ती मुलाकडे कमी तरी आहे किंवा असून तो देत नाही, असं सगळ्यांनी धरलेलं दिसतं.

आपली भाषा इथे शहाणी आहे. ‘लक्ष वेधलं जातं’ आणि ‘लक्ष दिलं जातं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि मेंदूतही ही दोन कामं वेगळी आहेत. मोबाइलवरच्या खेळात दर दोन-तीन सेकंदांनी आवाज होतो, रंग बदलतो, गुण वाढतात. पुढे काय करायचं हे पडदाच सांगतो, कुठपर्यंत आलो हेही तोच लक्षात ठेवतो. मुलाला काही धरून ठेवावं लागत नाही. वहीचं पान गप्प असतं. तिथे कुठे होतो, काय करायचं होतं, बाहेर वाजलेल्या हॉर्नकडे बघायचं नाही, हे सगळं त्याचं त्यालाच सांभाळावं लागतं. म्हणून ‘मोबाइलवर तासभर बसतो, म्हणजे हा आळस’ हा निष्कर्ष टिकत नाही. आणि ‘तासभर बसतो, म्हणजे एडीएचडी नाही’ हाही टिकत नाही, कारण एडीएचडी असलेली मुलंही अशा खेळात तासन्‌तास रमतात. मोबाइलवरून दोन्हीपैकी काहीच ठरत नाही.

लक्ष ‘देण्या’मागे जी कामं असतात त्यांना मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये आणि अ‍ॅडेल डायमंड यांनी २०१३ च्या आढाव्यात त्यांची जी मांडणी केली, तिच्यात तीन कामं मुख्य आहेत. पहिलं, स्वतःला थोपवणं. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र’ खेळताना म्हशीला बोट वर जातं, ते थोपवणं कमी पडलं म्हणून. म्हैस उडत नाही हे त्या मुलाला पक्कं माहीत असतं. दुसरं काम वर्किंग मेमरी, म्हणजे डोक्यातली छोटी पाटी, जिच्यावर आत्ता लागणारी माहिती धरून ठेवत काम करायचं असतं. तिसरं, नियम बदलला की आपणही बदलणं.

या तिसऱ्याबद्दल फिलिप झेलाझो यांनी वापरलेली पत्त्यांची चाचणी प्रत्येक पालकाला माहीत असावी असं मला वाटतं. मुलाला चित्रांचे पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायला सांगतात, मग आकाराप्रमाणे. तीन वर्षांची मुलं नवा नियम विचारला तर बरोबर सांगतात, आणि लगेच पुढचा पत्ता जुन्या नियमानेच लावतात. पाच वर्षांची बहुतेक मुलं हे सहज करतात. ‘कळतं पण वळत नाही’ आपण दोष म्हणून बोलतो. इथे ती वाढीची एक पायरी असते. कळणं आधी येतं, वळणं मागाहून, आणि मधलं अंतर दटावल्याने कमी होत नाही. आठव्या वर्षी पत्त्यांचा खेळ सोपा झालेला असतो, पण त्याहून अवघड कामांत हेच अंतर पुन्हा दिसतं.

तुमच्या पत्रातल्या तक्रारी मात्र मला सगळ्यांत जास्त दुसऱ्या कामाकडे, म्हणजे त्या डोक्यातल्या पाटीकडे नेतात. सुझन गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे यांनी ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांवर या विषयात बरंच काम केलं. सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात किमान तिघांची वर्किंग मेमरी चार वर्षांच्या सरासरी मुलाएवढी असते आणि तिघांची अकरा वर्षांच्या मुलाएवढी, असा त्यांचा अंदाज आहे. एकाच बाकावर, एकच पुस्तक समोर असताना इतका फरक. पाटी लहान असलेलं मूल बहुधा उपद्रवी नसतं. ते सुरुवात नीट करतं, मध्ये कुठेतरी धागा सुटतो आणि मग खिडकीबाहेर बघू लागतं. बाईंना दिसतं ते हे शेवटचं बघणं. धागा आधी सुटलेला असतो, पण तो क्षण कुणाला दिसत नाही.

फळ्यावरून उतरवणं आपल्याला यांत्रिक वाटतं. त्यात काय काय आहे बघा: वर बघायचं, आपली ओळ शोधायची, तीन-चार शब्द डोक्यात घ्यायचे, मान खाली घालायची, वहीतली जागा शोधायची, अक्षर वळवत लिहायचं, तोवर उरलेले शब्द धरून ठेवायचे, पुन्हा वर बघून *तीच* ओळ सापडवायची. ज्याची अक्षरं अजून हाताला सवयीची झालेली नाहीत, त्याची निम्मी पाटी अक्षर वळवण्यातच भरते. मग शब्द गळतात, ओळ चुकते. (इथे एक साधी शक्यता आधी पुसून टाका: त्याला फळा नीट दिसतो का? डोळे तपासले नसतील तर याच आठवड्यात तपासा. सोबत कानही.)

आता बावन्नचे पंचवीस. मराठीत अकरापासून पुढच्या बहुतेक संख्यांत एकक आधी येतो: बा-वन्न म्हणजे दोन-पन्नास. ऐकलेला पहिला भाग उजवीकडे लिहायचा आणि नंतर ऐकलेला डावीकडे. म्हणजे ‘दोन’ ऐकून तो पाटीवर थांबवून ठेवायचा, आधी पाच लिहायचे, मग दोन. जर्मन भाषेतही संख्या अशाच उलट बोलल्या जातात. २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांवरच्या एका अभ्यासात संख्यालेखनातल्या जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीच्या निघाल्या आणि त्यांचा संबंध वर्किंग मेमरीशी दिसला. तुमच्या मुलाला तर शाळेत ‘फिफ्टी टू’ म्हणतात आणि घरी तुम्ही ‘बावन्न’ म्हणता. दिवसातून दोनदा दिशा बदलते. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस: ‘चाळीस’ ऐकू येतं आणि लिहायचे असतात तीस-नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. भाषेचं सौंदर्य जपावं हे मलाही मान्य आहे, पण मुलाच्या डोक्यावरचं हे ओझं खरं आहे आणि ते मान्य करण्यात मराठीचा काही अपमान नाही.

यावर उपाय छोटा आहे. वहीत दोन चौकोन आखून द्या, डावा ‘दशक’, उजवा ‘एकक’. घरी महिनाभर संख्या दोन्ही प्रकारे म्हणा: ‘बावन्न, पन्नास आणि दोन’. चुकल्यावर ‘नीट ऐक’ म्हणू नका, ‘पन्नास कुठल्या घरात?’ एवढंच विचारा. रोज आठ-दहा संख्या पुरेत. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांची वेगळी चिठ्ठी करून टेबलावर चिकटवा. बघून लिहिलं तर लिहू द्या, कारण पाटी मोकळी राहिली तरच हातच्याकडे लक्ष जाईल. शब्दांच्या उदाहरणातही ‘आधी पूर्ण वाच’ म्हणण्याऐवजी आकड्यांभोवती गोल काढायला लावा. पाटीवरचं कागदावर उतरवणं, यालाच मी मदत म्हणते.

सूचनांचंही तसंच. ‘डबा दप्तरात टाक, बाटली भर, बूट घाल आणि येताना डायरीवर माझी सही घे’ या एका वाक्यात चार कामं आहेत. शेवटचं आठवेल, कदाचित पहिलं, मधली गळतील. एका वेळी दोनच कामं सांगा, आणि ‘कळलं का?’ असं न विचारता ‘काय काय करणार आहेस?’ असं विचारा. ‘कळलं का’ला मुलं नेहमी ‘हो’ म्हणतात. सकाळच्या चार-पाच कामांची चित्रं त्याच्याच हाताने काढून दाराशी लावा. झालेल्या कामाला कपड्याचा चिमटा पुढे सरकवायचा. यात हमखास बिघडतं ते असं: मूल निघालं की आपण मागून ‘आणि हो, रुमाल पण घे’ अशी पुस्ती जोडतो. ती पुस्ती आधीचं सगळं पुसून टाकते. दुसरी चूक म्हणजे चार दिवस बरे गेले की तक्ता काढून टाकणं. तो किमान दोन महिने राहू दे.

गृहपाठाच्या दोन तासांकडे येऊ. आठ वर्षांच्या मुलाने सलग दोन तास बसावं ही अपेक्षाच सोडा. दहा-बारा मिनिटांचा एक डाव, मग तीन-चार मिनिटं अंगाची हालचाल: जिना चढून-उतरून येणं, दोरीच्या उड्या. असे तीन डाव झाले की वही बंद, काम राहिलं तरी. राहिलेल्या भागावर तुम्ही सही करून बाईंना दोन ओळी लिहा. हे तुम्हाला जड जाईल, पण दोन तास ओढलेल्या गृहपाठात मूल अभ्यास शिकत नाही, वेळ काढणं शिकतं. डावाच्या मध्ये मोबाइल नको, कारण त्यावरून वहीकडे परत येणं हेच सगळ्यांत अवघड काम ठरतं.

टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि ती भिंत कोरी ठेवा. पाढ्यांचे, फळांचे, नकाशांचे रंगीत तक्ते आपण हौसेने लावतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे तक्त्यांनी भरलेल्या वर्गात आणि काही कोऱ्या भिंतींच्या वर्गात शिकवले. भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे होतं, कोऱ्या वर्गात २८.४ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. मुलं थोडी आणि लहान वयाची होती, पण तक्ते उतरवायला पैसे लागत नाहीत, म्हणून करून बघायला हरकत नाही.

अभ्यासाआधी मैदान असावं, नंतर नाही. चार्ल्स हिलमन यांच्या २००९ च्या प्रयोगात नऊ-दहा वर्षांची मुलं ट्रेडमिलवर वीस मिनिटं झपाझप चालल्यानंतर लक्ष विचलित करणाऱ्या चाचणीत अधिक अचूक ठरली. ‘आधी अभ्यास, मग खेळायला’ हा आपल्या घरांतला नियम अशा मुलांच्या बाबतीत उलटा करावा लागतो. शाळेतून आल्यावर खाणं, मग अर्धा-पाऊण तास बाहेर, मग वही.

‘लक्ष दे’ या दोन शब्दांत काय करायचं ते नसतं. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून आलेली ‘जर-तर’ योजना इथे कामाला येते आणि एडीएचडी असलेल्या मुलांवरही ती तपासली गेली आहे. मुलाने आधीच ठरवून ठेवायचं: ‘बाहेर आवाज आला, तर मी बोट ओळीवर ठेवीन.’ ‘जर’मध्ये डोळ्याला दिसेल किंवा कानाला ऐकू येईल अशी खूण हवी आणि ‘तर’मध्ये हाताने करायची एकच कृती. ‘जर कंटाळा आला तर मी नीट बसेन’ ही योजना चालत नाही, कारण कंटाळा नेमका कधी आला हे मुलाला कळत नाही आणि ‘नीट’ म्हणजे काय तेही. एका वेळी एकच योजना, दोन आठवडे, रोज बसण्याआधी एकदा मोठ्याने म्हणून.

झोप मोजा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात. रेऊत ग्रुबर यांच्या २०१२ च्या प्रयोगात ७ ते ११ वर्षांच्या मुलांची झोप पाच रात्री सरासरी २७ मिनिटांनी वाढली, तेवढ्यावर शिक्षकांना त्यांचं वर्गातलं वागणं सुधारलेलं दिसलं. कोणाची झोप वाढली आणि कोणाची कमी झाली हे त्या शिक्षकांना माहीत नव्हतं. एकदम तासभर लवकर निजवायला जाल तर तो जागाच पडून राहील. दर तीन-चार दिवसांनी दहा मिनिटं मागे सरका. आणि झोपेत घोरतो का, तोंड उघडं टाकून श्वास घेतो का, हे बघून ठेवा. घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला हवं.

आता क्लास. अबॅकसबद्दल सुदैवाने आपल्याच देशातला चांगला अभ्यास आहे. डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्यातल्या एका शाळेत २०४ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून तीन वर्षं पाहिलं. एका गटाला मनातल्या अबॅकसचं शिक्षण, दुसऱ्याला तेवढाच जास्तीचा वेळ नेहमीचं गणित. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अबॅकसच्या मुलांची आकडेमोड सुधारली. वर्किंग मेमरी किंवा एकाग्रतेसारख्या मूळ क्षमता वाढल्याचं मात्र दिसलं नाही. शिवाय अबॅकसचा फायदा त्यांनाच अधिक झाला ज्यांची चित्ररूप स्मरणाची पाटी सुरुवातीपासून मोठी होती. म्हणजे तुमच्या मुलासाठी तो जसा विकला जातोय, त्याच्या नेमकं उलट. संगणकावरच्या ‘मेमरी’ कसरतींचीही तीच गत. मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. मुलं त्या कसरतीत आणि तिच्यासारख्या चाचण्यांत तात्पुरती सुधारतात, वाचन आणि गणितापर्यंत ते पोचत नाही. आकडेमोडीची आवड असेल तर अबॅकस जरूर लावा. लक्षासाठी लावू नका. ती फी आणि विशेषतः तो वेळ मैदानाला आणि झोपेला द्या. घरी ‘शिवाजी म्हणतो’, डोंगर-पाणी, पत्ते खेळा, कारण त्यात मजा आहे आणि थांबण्याचा सराव हसत होतो. औषधासारखे मोजून मात्र खेळू नका.

मोबाइल पूर्ण बंद करण्याची गरज मला दिसत नाही, वेळ बदलण्याची दिसते. अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या मुलांना नऊ मिनिटं वेगवान कार्टून दाखवलं. लगेच घेतलेल्या चाचण्यांत ती मुलं चित्र काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. हा परिणाम लगेचचा आहे, कायमच्या नुकसानीचा पुरावा नाही. म्हणून नियम असा ठेवा: शाळेआधी नाही, अभ्यासाआधी आणि मध्ये नाही, झोपण्याआधीचा एक तास नाही. उरलेल्या वेळात ठरलेली अर्धा तासाची खिडकी. बंद करताना मिनिटांवर नाही, खेळाच्या एका फेरीवर थांबवा. मधेच हिसकावलं की रडारड होते ती बऱ्याचदा यामुळेच.

शेवटी तुमची झोप उडवणारा प्रश्न. आधी वय बघू. वर्गातली काही मुलं त्याच्यापेक्षा अकरा-अकरा महिन्यांनी मोठी आहेत. या वयात तो मोठा फरक आहे. अमेरिकेत १ सप्टेंबरची अट असलेल्या राज्यांत, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांमध्ये एडीएचडीचं निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त असल्याचं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. एका महिन्यात मेंदू तर बदलत नाही, तुलनेला समोर कोण आहे ते बदलतं. तेव्हा बाईंना विचारा, ‘डिसेंबरच्या आसपास जन्मलेल्या इतर मुलांच्या तुलनेत हा कसा वाटतो?’

पण हे सांगून मी तुम्हाला डॉक्टरांपासून लांब ठेवत नाही. एडीएचडीच्या निदानात लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ अशा दोन याद्या आहेत. मुलांमध्ये कोणत्याही एका यादीतली किमान सहा लक्षणं, किमान सहा महिने, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, आणि घर-शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी, रोजच्या जगण्यात अडथळा आणतील इतकी असावी लागतात. फक्त गणिताच्या तासाला किंवा फक्त लिहिताना अडत असेल तर आधी अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीची) तपासणी हवी. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं, की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्यथराची वाढ साधारण तीन वर्षांनी मागे असते, क्रम मात्र तोच असतो. निदान झालंच, तर ते तुमच्या संगोपनावरचा ठपका नसेल आणि औषध सुचवलं गेलं तर तो मुलाचा पराभव नसेल. बदाम खाऊ द्या. धाकाचा उपयोग नाही, कारण घाबरलेल्या मुलाची पाटी भीतीनेच भरून जाते.

एका गोष्टीला मात्र थांबू नका. तो मधेच काही सेकंद टक लावून थिजतो, हाक मारून आणि खांद्याला हात लावूनही भानावर येत नाही, आणि मग काही झालंच नाही असं काम पुढे चालू करतो, असं दिवसात वारंवार होत असेल, तर मोबाइलवर त्याचं चित्रण करा आणि लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो फीटचा एक प्रकार असू शकतो.

ते नसेल तर चार आठवडे घ्या. पहिल्या आठवड्यात काही न बदलता फक्त नोंद ठेवा: काम कोणतं, त्यात पायऱ्या किती, वेळ कोणती, किती मिनिटांनी आणि नेमक्या कोणत्या पायरीवर अडला, आदल्या रात्री किती झोपला. पुढचे तीन आठवडे दोनच बदल करा, मी म्हणेन झोप आणि दोन-दोन कामांच्या सूचना. सगळं एकदम सुरू केलंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही आणि दहा दिवसांत तुम्हीच थकाल. बाईंकडेही दोनच मागण्या करा: दार-खिडकीपासून लांब, पुढचा बाक, आणि उतरवायचा मजकूर फळ्याऐवजी शेजारी ठेवलेल्या वहीतून बघून लिहिण्याची मुभा. ‘जरा लक्ष द्या हो त्याच्याकडे’ या विनंतीचं बाईंना काही करता येत नाही, या दोन गोष्टींचं येतं.

महिन्यानंतरही घरी आणि शाळेत दोन्हीकडे अडचण तेवढीच राहिली, तर ती नोंदवही, बाईंचं लेखी निरीक्षण, डोळ्यांचा आणि कानांचा अहवाल आणि जमल्यास पहिलीपासूनच्या एक-दोन वह्या घेऊन विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिनची तपासणी बरेच दिवस झाली नसेल तर तीही करून घ्या. वह्या नक्की न्या. अडचण कधीपासून आहे, हे त्यांतून तुमच्या आठवणीपेक्षा स्पष्ट दिसेल.